कॉर्नेट हळू वाजत नाही

दारावर टकटक झाली तेव्हा मी कॉर्नेटवर, म्हणजे माझ्या छोट्या पितळी ट्रंपेटवर, वरच्या सुरावर होते, आणि वरच्या सुरावरून मी कुणासाठीही खाली उतरत नाही. सूर पुरता झाला, मग दार उघडलं.

बाहेर एक उंच, ओलाचिंब मुलगा. समुद्रावरून आलेलं धुकं त्याच्या केसांत थेंबाथेंबांनी अडकलेलं... आणि अंगात तपकिरी कोट, बहुधा वडिलांच्या लग्नातला.

"माफ करा, पण – जरा हळू वाजवता का? मोठ्या हॉलमध्ये आमचं रेकॉर्डिंग चाललंय."

"कॉर्नेट हळू वाजत नाही," मी म्हटलं. ही शुद्ध थाप होती.

"अजिबात?"

"किलब्रेमध्ये तरी नाही. हा हॉल आमच्या खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून बांधलाय. गुरुवारी इथे गावचा सिल्व्हर बँड वाजतो, सगळी पितळी वाद्यं. माझ्या आजोबांच्या आधीपासून. तुम्ही कोण?"

"स्ट्रुअन. ग्लासगोहून आलो."

"ते कोटावरून कळलं."

तो हसला. रागावायचं सोडून हसला, हीच पंचाईत झाली. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा हातात चहाचे दोन कप होते.

"लाच?" मी विचारलं.

"विनंती. शेवटच्या गाण्यात एक जागा रिकामी आहे. काय हवं ते महिनाभर कळत नव्हतं. मघाशी भिंतीपलीकडून ऐकू आलं."

त्यांच्या ग्रूपचं नाव 'स्लो ट्राम'. पाच जण, सगळे पंचविशीच्या आत, आणि गाणी मात्र आजीच्या रेडिओतून यावीत तशी. सुटलेल्या बस, बंद झालेली थिएटरं, रविवारच्या दुपारी... ऐकताना हसूही यायचं आणि जुनं काहीतरी आठवायचंही. पण हे त्याला कोण सांगणार?

"वाजवीन," मी म्हटलं, "पण हळू नाही. आणि रेकॉर्डच्या पाकिटावर माझं नाव नको, आमच्या बँडचं हवं."

खाण बंद झाल्यापासून आमचा बँड पंचवीस जणांवरून अकरावर आला होता. अकरा तर अकरा, पण जत्रेच्या दिवशी गावापुढे आम्हीच चालायचो, तेही ताठ मानेनं.

शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर मी छातीतला सगळा श्वास ओतून धरला. सूर हवेत विरतोय, कुणी पापणी हलवत नाहीये, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजोबांची आरोळी आली, "चहा थंड होतोय!"

ड्रमवाल्याने कपाळाला हात लावला. आजोबा बँडचे मास्तर आणि हॉलच्या चहाचेही मालक. त्यांना कोण बोलणार? स्ट्रुअन मात्र पोट धरून हसत होता, आणि हसता हसता माझ्याकडेच बघत होता.

ते दोन आठवडे राहिले. तालमीनंतर आम्ही समुद्राकाठी फिरायचो. थंडीत कॉर्नेटचं फुंकायचं पितळी तोंड बर्फासारखं गार पडतं, ओठांना चटका बसतो. स्ट्रुअन ते न विचारता काढून घ्यायचा, कोटाच्या खिशात मुठीत धरून चालायचा, आणि परत द्यायचा तेव्हा ते ऊबदार असायचं. एवढंच. पण मी त्या एवढ्याशाच्या प्रेमात पडले. आता लपवू कशाला?

जायच्या दिवशी बसथांब्यावर तो म्हणाला, "ऱ्होना... चल ना ग्लासगोला. आमच्याबरोबर वाजव. इथे आहे तरी काय?"

झालं! माझ्या डोक्यात सणक गेली.

"इथे मी आहे," मी म्हटलं. "तुला दिसले नसेन." आणि पाठ फिरवली. त्याने हाक मारली, तेवढ्यात बस आली. घरी आल्यावर लक्षात आलं, कॉर्नेटचं तोंड त्याच्याच खिशात राहिलं.

मी ते परत मागितलं नाही. आजोबांचं जुनं तोंड लावून वाजवू लागले, आणि सूर फाटू लागले.

"एक फोन करायचा, पोरी," आजोबा म्हणाले.

"आपल्या घरात कुणी हात पसरत नाही. तुम्हीच दर रविवारी सांगता. खाणीतल्या संपाच्या वर्षी उपाशी झोपलो, पण..."

"ते मालकापुढे!" आजोबा कडाडले. "शेजारच्या ग्रिझेलकडे मी रोज पीठ मागायचो. मालकाकडे मागू नये. आपल्या माणसाकडे मागायला कसली आलीय लाज?"

हा भाग त्यांनी रविवारी कधी सांगितला नव्हता.

तरी फोन काही माझ्या हातून झाला नाही. सप्टेंबरात रेकॉर्ड आली. वेष्टनावर आमच्या हॉलचं दार, मागे मोठ्या अक्षरांत 'कॉर्नेट – किलब्रे सिल्व्हर बँड'. आणि अल्बमचं नाव? 'चहा थंड होतोय'. शेवटच्या सुरानंतर ती आरोळी त्यांनी तशीच ठेवली होती. आजोबांनी ती जागा सुई उचलून उचलून ऐकली. गावात त्यांच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

रेकॉर्डचा पहिला कार्यक्रम ग्लासगोत नव्हता. आमच्या हॉलमध्ये होता.

सगळं किलब्रे लोटलं. खुर्च्या भिंतीला लावल्या, नाच झाले, सॉसेज रोल संपले. भिंतीजवळ आमचे अकराजण गणवेशात बसले होते. स्ट्रुअन मंचावर, त्याच कोटात. मी त्याच्याकडे पाहत नव्हते – म्हणजे तो बघायचा तेव्हा पाहत नव्हते. शेवटच्या गाण्याआधी त्याने माईक ओढला.

"मी एकदा इथे विचारलं होतं, इथे आहे तरी काय. फार मूर्ख प्रश्न होता. उत्तर आम्ही रेकॉर्डवर छापलंय."

टाळ्या पडल्या. माझे कान तापले. आणि आजोबा, लबाड म्हातारा, उठून ओरडले, "शेवटचा वॉल्ट्झ! आता बायकांनी जोडीदार निवडायचा!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी आयुष्यात कुणालाही नाचायला विचारलेलं नव्हतं. कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं. हॉल ओलांडला. कधी नव्हे इतका लांब वाटला तो... मंचासमोर उभी राहिले आणि हात पुढे केला.

"नाचतोस?" मी पुटपुटले.

त्याने माईक पुढे धरला. डोळे हसत होते. "ऐकू नाही आलं. कॉर्नेट हळू वाजत नाही ना?"

"स्ट्रुअन!" मी अशी ओरडले की खिडक्या थरथरल्या. "माझ्याशी नाचशील का?"

त्याने गिटार खाली ठेवली आणि उडीच मारली.

"अरे, पण गाणं कोण वाजवणार?" ड्रमवाला ओरडला.

भिंतीजवळ आमचे सगळे उभे राहिले. आजोबांनी हात उचलला, आणि किलब्रे सिल्व्हर बँडने ते गाणं छतापर्यंत नेलं. माझी कॉर्नेटची जागा आजोबांनी स्वतः वाजवली. खाण गेली, माणसं गेली, पण त्या दिवशी आम्ही पंचवीस वाटत होतो. अभिमानाने माझे डोळे भरून आले. ते मी त्याच्या कोटाला पुसले.

त्याने खिशातून काहीतरी काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. पितळी, आणि ऊबदार.

"रोज खिशात असायचं," तो म्हणाला. "तू मागशील म्हणून वाट बघत होतो."

"आम्ही मागत नाही."

"मग आत्ता काय केलंस?"

"आपल्या माणसाकडे चालतं."

त्याचं पाऊल चुकलं. मी सावरलं.

"आणि उद्या?" त्याने अगदी हळू विचारलं.

"उद्या तू विचारायचंस. पण गुरुवार सोडून. गुरुवारी तालीम असते."

"गुरुवारी," तो म्हणाला, "मी चहा आणीन."