मोजणीत नसलेलं माणूस

मी पोलादपूरकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. पाण्याशी माझा संबंध गुडघ्यापर्यंतच. त्यामुळे पहिल्या दिवशी जंजिऱ्याच्या दाराशी होडी वरखाली होत असताना पायरीवर उडी मारायची म्हटल्यावर मी थिजलेच. होडीवाल्याने हात पुढे केला.

"मॅडम, लाट वर आली की पाय टाका. खाली बघू नका."

"मग कुठे बघू?"

"माझ्याकडं बघा की..."

असा हा विनेश. तटाच्या भेगांची मापं घ्यायला तीन आठवडे मी रोज त्याच्याच होडीने जात होते. हल्ली पायरीवर पोचल्यावरही तो हात जरा उशिरानेच सुटायचा. मला ते आवडायचं, पण बोलायला जीभ रेटत नव्हती.

त्या शनिवारी पश्चिमेच्या बुरुजावर मला वेळेचं भान राहिलं नाही. धावत दाराशी आले, तर विनेशची शेवटची होडी पार पलीकडच्या किनाऱ्यावर, राजपुरीला लागत होती. वारा फिरला होता. फोनला रेंज नाही, ओरडून उपयोग नाही. मागे तटाच्या आत पडक्या घरांचं रिकामं गाव... इथे एके काळी माणसं नांदत होती, या विचाराने धीर यायचा तर अंगावर काटाच आला. लाटा एकेक पायरी गिळत वर येत होत्या. मी रडले, खोटं कशाला सांगू?

अर्ध्या तासाने शीड दिसलं. होडीत विनेश आणि त्याचे म्हातारे खलाशी तुकारामकाका. विनेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला सोडून गेलात तुम्ही," मी पायरीवरूनच म्हणाले.

"मोजली व्हती मान्सं. वीस आनली, वीस नेली. बरोबर भरली."

"आणि मी?"

तो दोरीशी चाळा करत राहिला. "होडीवर घरच्यांना मोजत न्हाय आमी. मी, काका... आनि तू. तुला मोजायची कधी सोडली, माझं मलाच कळलं न्हाय."

तुकारामकाका तोंड फिरवून समुद्र बघू लागले. माझे गाल अजून ओले होते, आणि तरी मला हसू येत होतं.

"मग आमच्या बाबांना येऊन सांग," मी म्हणाले, "त्यांच्या घरातलं माणूस परस्पर तुझ्या घरात घेतलंस ते."

"येतो." त्याने हात पुढे केला. "बाबा... लय तापट हायत?"

"खूप," मी म्हणाले, आणि होडीत उडी टाकली.