चार मिनिटांच्या अंतरावर

ते पत्र मला नोव्हेंबरात मिळालं आणि मार्च संपत आला तरी मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. एकवीस वेळा लिहायला बसलो. एकवीस वेळा कागद फाडला. पाकीट मात्र तयार होतं... पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं, ट्रकच्या काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचलेलं. उन्हानं पिवळं पडत चाललं होतं.

पण आधी आवाजाबद्दल सांगतो. ओळख झाली ती आवाजाशी.

ट्रकवाल्यांचा आपसात बोलायचा सीबी रेडिओ मी अजून चालू ठेवतो. का, ते विचारू नका. पूर्वी एकोणीस नंबरच्या चॅनलवर इतकी गर्दी असायची की शिंकायलाही जागा मिळू नये. आता सगळ्यांच्या हातात फोन आहे. फोन रस्ता दाखवतो, गाणी म्हणतो, बायकोचा चेहराही दाखवतो. वायोमिंगमधून जाताना माझा रेडिओ कधीकधी आठवडाभर नुसता खरखरत राहतो. मला ती खरखर आवडते. पावसात पत्र्याखाली बसल्यासारखं वाटतं.

दीड वर्षापूर्वी, ऑगस्टातल्या एका मंगळवारी, त्या खरखरीतून एक बाई बोलली.

"पूर्वेकडे चाललेला निळा ट्रक, पांढरा डबा... ड्रायव्हर, तुझा मागचा डावा टायर सोलून निघतोय. केळ्यासारखा."

मी दचकलो. अकरा दिवसांत रेडिओवर कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आरशात पाहिलं. खरंच, रबराची लांब पट्टी फडफडत होती.

"आभारी आहे," मी म्हणालो. घसा बसलेला. "तुम्ही कुठे आहात?"

"समोरून आले, तुझ्या शेजारून गेले. आता मागे. आरशात लाल ट्रक दिसतोय?"

"दिसतोय... लहान होत चाललाय."

"मी नाही हो लहान होत! जेवण सुटत नाही माझं." ती हसली. "मला पेपरमिंट म्हणतात. तू?"

रस्त्यावर कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही. प्रत्येकाचं एक रेडिओवरचं नाव असतं, तेवढंच.

"लायब्ररी," मी म्हणालो. "गाडीत पुस्तकं असतात... म्हणून."

"अगं बाई! मग हळू बोलायला हवं—" आणि खरखर.

मी पूर्वेकडे पासष्ट मैलांच्या वेगानं, ती पश्चिमेकडे तेवढ्याच. मोकळ्या माळावर आमचे रेडिओ एकमेकांना पाच मैलांवरून ऐकू लागायचे आणि पाच मैलांवर मुके व्हायचे. मी हिशोब केला. साडेचार मिनिटं. त्यात पहिलं अर्धं मिनिट खात्री करण्यातच जायचं.

तिचीही फेरी ठरलेली निघाली. नेब्रास्कातून मांस भरून पश्चिमेला. मी ओरेगॉनहून कांदे घेऊन पूर्वेला. दर मंगळवारी दुपारी एल्क माउंटनच्या आसपास आम्ही एकमेकांना ओलांडायचो.

"लायब्ररी, आहेस का रे?"

"आहे."

"आज काय भरलंय?"

"कांदे."

"माझ्याकडे मांस. आपले दोन ट्रक एकदा शेजारी उभे राहिले ना, तर झकास रस्सा होईल."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मीठ लागेल."

तिला इतकं हसू आलं की दोन मिनिटं त्यातच गेली. मला ती वाया गेलीशी वाटली नाहीत.

कधी ती विचारायची, आता काय वाचतोस? मी सांगू लागायचो आणि कथेतलं जहाज बंदरातून सुटायच्या आत खरखर यायची. पुढच्या मंगळवारी ती पहिल्यांदा तेच विचारायची — "सुटलं का रे जहाज?" सोमवारपासून मी मैल मोजायला लागायचो. सहासष्टाव्या वर्षी. मंगळवारी सकाळी मी दाढी करून निघायचो, आणि मग स्वतःलाच विचारायचो — अरे, रेडिओवरून दाढी दिसते का?

एकमेकांना आम्ही पाहिलं असेल ते फक्त असं : काचेमागे एक लाल टोपी, वर उचललेला हात... आणि गेली.

मग नोव्हेंबरात रॉलिन्सच्या ट्रक-थांब्यावरच्या खाणावळीत वाढणारी मुलगी माझ्यासमोर पाकीट ठेवून म्हणाली, "लायब्ररी म्हणजे तुम्हीच ना? पाव खाताना वाचणारं दुसरं कुणी येत नाही इथे."

पत्र छोटं होतं.

'लायब्ररी, माझं नाव मॉरीन टॅकेट. एक एप्रिलला मी ट्रक विकून टेनेसीला मुलीकडे जाणार आहे, कायमची. कुणी थांब म्हणालं तर विचार करीन. खाली नेब्रास्कातल्या, कर्नी गावच्या माझ्या घराचा पत्ता आहे. रेडिओवर काही बोलू नकोस, तिथे सगळा रस्ता ऐकतो. लिही. तुझं नाव काय आहे रे?'

आणि मी लिहिलं नाही.

त्यानंतरही मंगळवार येत राहिले. ती पत्राचं नाव काढत नसे, मीही नाही. आधी तिनं जहाजाची चौकशी सोडली. मग रश्श्याची थट्टा. फेब्रुवारीत आम्ही फक्त वाऱ्याबद्दल बोलत होतो.

मार्चमधल्या शेवटच्या मंगळवारी वारा असा होता की बर्फ वरून पडत नव्हता, आडवा धावत होता. तरी रस्ता दिसत होता. फोनवरच्या नकाशात पुढची वाट हिरवीगार होती. मी वेग ठेवला होता.

"पूर्वेकडचे सगळे, ऐका!" तिचा आवाज. त्यात थट्टा नव्हती. "आर्लिंग्टनच्या अलीकडच्या वळणापलीकडे सगळं ठप्प आहे. गाड्या आडव्या. वळणावरून काही दिसत नाही. वेग सोडा." मग हळू — "लायब्ररी... तू आहेस का त्या बाजूला?"

"आहे."

"मग थांब. आत्ता."

मी गाडी थांबवायला लागलो. अठरा टन कांदे काही लगेच ऐकत नाहीत. वळण आलं, बर्फाचा पडदा फाटला आणि समोर उभ्या ट्रकचे दिवे दिसले. माझी गाडी थांबली तेव्हा मधे दोन गाड्यांइतकी जागा उरली होती. फोनवरचा नकाशा अजून हिरवाच होता.

"थांबलास?"

"थांबलो."

"बरं." एक श्वास ऐकू आला. "अजून काही... म्हणायचंय?"

हीच वेळ होती. मला कळत होतं.

"रस्ता सांभाळ," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तूही." आणि खरखर.

मी बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलो. मग वही काढली. आज मंगळवार, सत्तावीस तारीख. पत्र आज पेटीत पडलं तरच तिच्या हाती वेळेत पडणार होतं. बाविसाव्यांदा लिहिलं. आणि माझी एक जुनी खोड आहे — लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही. लिहायला आधार म्हणून मांडीवर घेतलेलं जाडजूड पुस्तक शेजारच्या सीटवर टाकलं आणि वाचू लागलो.

सगळं वाचलं. गुडघा दुखतो ते. घोरतो ते. लग्न झालं नाही, कारण विचारायला उशीर करायची सवय आहे ते. 'चार मिनिटं मी बरा वाटतो, मॉरीन. पाचव्या मिनिटाची मला भीती वाटते.' काही ओळी खोडल्या, पुन्हा वाचल्या. मग पुस्तक हवं म्हणून उचललं...

पुस्तकाखाली रेडिओचा माइक होता. बोलायचं बटण इतका वेळ पुस्तकाच्या वजनानं दाबलेलं होतं. बटण सुटलं तसा रेडिओ दणाणला.

"तेवीस मिनिटं!" एक म्हातारा ओरडला. "तेवीस मिनिटं चॅनल अडवून बसलास, ड्रायव्हर! मी बिस्किट, तुझ्यापुढे चौथा. तुझ्या गुडघ्याबद्दल जेवढं ऐकलं तेवढं माझ्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरनं सांगितलं नाही!"

मला गाडीतून उतरून बर्फात पुरून घ्यावंसं वाटलं.

"अंकल, मी जसविंदर, तुमच्या मागेच." हा फ्रेस्नोचा तरुण ड्रायव्हर, वजनकाट्यावर भेटायचा. "राग मानू नका, पण हे प्रेमपत्र आहे की जुना ट्रक विकायची जाहिरात? टायर झिजलेत, इंजिन आवाज करतं, परत द्यायला आलात तर हरकत नाही... असं कुणी लिहितं?"

"मग काय लिहू?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"गुडघा काढ," बिस्किट म्हणाला.

"घोरणंही काढा. ते त्यांना कळेलच नंतर."

"आणि माफी चार वेळा मागितलीस. एकदा पुरे. माझ्या बायकोला मी चाळीस वर्षांत एकदाच मागितली, ती अजून आठवण काढते."

"ते पाचवं मिनिट मात्र ठेवा, अंकल," जसविंदर हळू म्हणाला. "ते... ते चांगलं आहे."

थोडी खरखर झाली. मग बिस्किट घसा खाकरून म्हणाला, "तुला सांगायला हवं. तू वाचत होतास तेव्हाच मी पलीकडच्या बाजूनं जाणाऱ्या एका टँकरवाल्याला दुसऱ्या चॅनलवर गाठलं. निरोप दिलाय. पेपरमिंटला सांग, लायब्ररी उत्तर लिहितोय, पण त्याला पाचव्या मिनिटाची भीती वाटते, असा."

"काय?!"

"पूर्वी असेच जायचे निरोप. या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये, ओमाहापासून पार डोंगरापर्यंत. आता पोचला तर नशीब. रेडिओ आहेत कुणाकडे?"

आम्ही थांबलो. पलीकडून पश्चिमेला ट्रक जात होते, बहुतेक मुके. अर्धा तास गेला. पाऊण. निरोप वॉलकॉटच्या माळावर कुठेतरी वाऱ्यावर उडून गेला, असं मी मनाशी धरलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एक नवा आवाज आला. जाड, सपाट, सरकारी.

"एकोणीसवर लायब्ररी कोण आहे?"

"मी..."

"मी बर्फ हटवायची गाडी चालवतो. वॉलकॉटकडून येतोय. तुमच्या टँकरवाल्याच्या पुढे कुणाकडे रेडिओ नव्हता, तर निरोप मी आमच्या सरकारी रेडिओवरून रॉलिन्सला पोचवला. उत्तर आणलंय. बाई रॉलिन्सला थांबल्यात, सूप पितायत. लिहून घेता का?"

"सांगा."

"'पाचव्या मिनिटाची भीती मलाही वाटते.'" तो फावड्याची किंमत वाचावी तसं वाचत होता. "'पण रेडिओवर नाही. कागदावर. आणि तिकीट लावून.' निरोप संपला." तो थांबला. "कुणी मला सांगेल का, हे काय चाललंय?"

पुढे-मागे उभ्या असलेल्या ट्रकांपैकी ज्यांच्याकडे रेडिओ होते ते सगळे — मोजून सहा — एकदम भोंगे वाजवू लागले. बाकीच्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनीही वाजवले.

मी वहीतून नवा कागद काढला. तेविसावा. अक्षर वाचता येण्यासारखं आलं.

'मॉरीन, माझं नाव अल्डन हॉल्टग्रेन. उशीर केला, माफ कर. मला चार मिनिटं पुरत नाहीत. पाचव्या मिनिटाला काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, पण ते तुझ्यासमोर बसून ठाऊक नसावं, असं वाटतं. शनिवारी कर्नीला येतो. थांब.'

या वेळी मोठ्यानं वाचलं नाही.

"झालं?" बिस्किटनं विचारलं.

"झालं."

"वाचून दाखव की!"

"नाही," मी म्हणालो. "हे तिचं आहे."

मग बिस्किट म्हणाला, "शाबास, ड्रायव्हर."

चार वाजता रस्ता सुटला. लॅरमीच्या टपालघराबाहेरची पेटी दिवसातली शेवटची पाचला उघडतात. जसविंदर मागून येत होता, दर दहा मैलांनी विचारत होता, "अंकल, पाकीट चिकटवलंत ना?" हमरस्त्यावरून बाहेर पडल्या पडल्या मी ट्रक थांब्यावर लावला आणि उरलेलं अंतर चालत गेलो, गुडघ्यासकट. निळ्या पेटीपाशी पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती.

झाकण खाली ओढलं. पाकीट आत सोडलं. झाकण आपटून बंद झालं. मग पुन्हा एकदा उघडून आत पाहिलं, खरंच खाली पडलं का ते.

पडलं होतं.