ठेचाला ऊन हवं

सकाळपासून तिसऱ्यांदा भिंत बोलली. "स्वयंपाकघराच्या ओट्यावर उष्णतेचा दोष आढळला आहे. दुरुस्त करत आहे." आवाज नेहमीसारखा गोड. छतातून गार हवेचा झोत सुटला आणि प्रणिताबाई बोरकुटे यांनी सरड्याच्या पेटीवर लावलेला दिवा आपोआप विझला.

"घे, केलंस शहाणपण," बाई भिंतीला म्हणाल्या.

काचेच्या पेटीत ठेचा पोट टेकून पडला होता. ठेचा म्हणजे तीन महिन्यांचा दाढीवाला सरडा. नाव ठेवलं तिखट आणि स्वभाव निघाला मिळमिळीत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी 'सोबती' नावाची योजना होती. कुत्रा भुंकतो, मांजर पडदे फाडते, म्हणून सरडा. पेटीही योजनेचीच. तिच्या दर्शनी भागावर एकच आकडा लकाकायचा, ३३ अंश, हिरव्या रंगात. म्हणजे सगळं ठीक. पण ठेचाने सहा दिवसांत एकही रातकिडा खाल्ला नव्हता. आज अकराला योजनेची तपासनीस येणार होती आणि वजन सोळा ग्रॅमच्या खाली भरलं तर त्याला परत नेणार होती. परत म्हणजे कुठे, तर अशाच दुसऱ्या पेटीत.

पहिली चूक बाईंची स्वतःचीच होती. चंद्रपूरच्या माणसाला कोणताही जीव दिसला की आधी वाटतं, बिचाऱ्याला उकडत असेल. पहिल्या आठवड्यात त्यांनी पेटीवर ओला पंचा टाकला होता. शेजारच्या हेमराज वांढरेंनी तर मायेने बर्फाची वाटी आणून ठेवली होती. मग बाईंनी माहिती वाचली आणि कपाळावर हात मारला. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. चाळीस अंशांत शेकल्याशिवाय त्याच्या पोटातलं अन्न पचत नाही, आणि हाडं घट्ट करणारे उन्हातले किरण काचेपलीकडेच अडतात. तापला की तो सावलीत जातो, निवला की परत उन्हात. त्याला एका टोकाला चाळीस अंश लागतात, दुसऱ्या टोकाला सव्वीस. योजनेतल्या कुणा हुशाराने दोहोंची सरासरी काढून सगळ्या पेटीला तेहतीस लावले होते.

बाईंनी चौतीस वर्षं वीज केंद्रात बॉयलर सांभाळला होता. एका बॉयलरला चाळीस ठिकाणी तापमापक असायचे. त्यांची सरासरी आणून दाखवणाऱ्याला त्यांनी त्याच पावली फाटकाबाहेर काढलं असतं.

इमारतीचा कारभारही पेटीसारखाच होता. वीस वर्षांपूर्वी शहरभर ही भिंतीतून बोलणारी 'समताप' यंत्रणा आली, तेव्हापासून प्रत्येक खोली बारा महिने सत्तावीस अंशांवर. उन्हाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खिडक्यांवर पोलादी झापडं उतरत. बाईंना समतापचा राग नव्हता. ती येण्याच्या आदल्या वर्षी त्यांचे यजमान शैलेश मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर टाकी बघायला गेले आणि उष्माघाताने तिथेच कोसळले. समताप आल्यावर या इमारतीत उन्हाने एकही माणूस दगावला नाही. हे त्यांना शंभर टक्के मान्य होतं. ठेचाला हिरव्या आकड्याखाली मरू देणं मात्र मुळीच मान्य नव्हतं.

तपासनीस वेळेवर आली. ओवी निखाडे, पंचविशीतली, बोलायला गोड. तिने ठेचाला काट्यावर ठेवलं.

"पंधरा पूर्णांक आठ. सॉरी जी, काकू. न्यावं लागते."

"आतापावेतो किती नेले तुम्ही?"

"चाळीस वाटले होते. एकतीस परत आले."

"अन् त्यातले जिते किती?"

ओवीने पॅडवर उगाच बोट फिरवलं. "आकडा तर सगळ्यांचाच हिरवा होता," ती हळूच म्हणाली.

बाईंचं डोकंच फिरलं. "मग तो आकडाच घेऊन जा ना! सरडा काऊन नेऊन राहिली?"

त्या तरातरा खिडकीकडे गेल्या. आग लागली तर झापड हाताने उघडता यावं म्हणून तिथे लाल दांडा होता. वीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. बाई त्यावर अंगाचा भार टाकून लटकल्या. झापड करकरत हातभर वर गेलं आणि जाळीतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला.

"काकू, मला नोंद करावी लागंल!"

"कर. अन् माझं पूर्ण नाव लिही."

"झापड उघडं आहे," भिंत म्हणाली. "बंद करत आहे." मोटर घुरघुरली. बाईंनी खलातला लोखंडी बत्ता उचलून फटीत उभा ठोकला. झापड त्यावर आदळलं आणि थांबलं. त्यांनी लाकडी पाट असा ठेवला की अर्धा उन्हात, अर्धा सावलीत, आणि ठेचाला बरोबर मधे सोडलं.

आवाज ऐकून वांढरे धावत आले. "काय झालं जी?" असं विचारता विचारता त्यांना ऊन दिसलं. त्यांनी तिथेच मोजे काढले आणि पट्ट्यात पाय ठेवले.

ठेचा मिनिटभर हललाच नाही. मग एकेक पाय टाकत उन्हात गेला, भाकरीसारखा पसरला आणि ऊब शोषायला त्याची पाठ काळी झाली. दहा मिनिटांनी त्याने तोंड उघडलं, उठला आणि आपला आपण सावलीच्या टोकाला गेला. बाईंनी रातकिडा सोडला. ठेचाने मान वाकडी करून पाहिलं आणि जीभ मारली.

"पाहिलं?" बाईंचे डोळे भरून आले होते. "आकडा नाही लागत त्याले. सरकायला जागा लागते."

ओवी नोंद करायची विसरली होती. तिची शाळा, कॉलेज, ऑफिस, सगळं समतापमध्येच गेलं होतं. तिने पॅड खाली ठेवलं आणि वांढरेंच्या शेजारी उन्हात उभी राहिली. "दोन व्यक्ती धोक्याच्या क्षेत्रात आहेत," भिंत म्हणाली. थोड्या वेळाने वांढरे बाजूला झाले. ओवी तशीच उभी होती. तिच्या कपाळावर घाम जमला, गाल लाल झाले. बाईंना एकदम गच्चीवरची टाकी आठवली.

"काकू," ओवीने विचारलं, "यातून बाजूला केव्हा व्हायचं, हे कसं समजते?"