बावीस रोपांचा वैरी

माझा पहिल्यापासून धोटेकाकांवरच संशय होता. उगाच नाही म्हणत, कारणं होती.

आमच्या चंद्रपुरात आता उन्हाळा एवढा कडक असतो, की भाजीची रोपं कुणी बाहेर करतच नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक थंड केलेली खोली आहे, रोपघर. तिथं दिव्यांखाली फळ्या आहेत. त्यातली एक फळी यंदा चिठ्ठी निघून मला, म्हणजे जुई खोब्रागडेला, मिळाली. मी तिथं आजोबांच्या शेतातल्या भरताच्या वांग्याचं बी लावलं. शेत गेलं, आजोबा गेले, तेवढं बी उरलं होतं. बावीस दाणे. आणखी कुणाकडेच नाही.

बावीसही उगवले. आणि मग जे रुसले ते रुसलेच! चोवीस दिवस झाले तरी बीजपत्रं (बियातूनच येणारी पहिली दोन पानं) आणि वर एकच पिवळट खरं पान. नियम असा, की रविवारपर्यंत चार खरी पानं आली नाहीत तर ट्रे उचलायचा आणि फळी यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. पुढचा माणूस कोण? दुसऱ्या मजल्यावरचे धोटेकाका! त्यांना मिरच्या लावायच्या होत्या. रोज डोकावून विचारायचे, "काहून गं पोट्टे, अजून एवढुशीच?" वरून चुकचुकायचे. मला ते चुकचुकणं साफ लबाड वाटायचं.

शुक्रवारी मी मालूआत्याला ओढून आणलं. ती वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. "कुणीतरी विष घालतंय," मी म्हटलं.

"आधी साधी कारणं संपव, मग विषाकडे जा," आत्या म्हणाली. "उजेड कमी पडला तर रोप उजेड शोधत उंच आणि किडकिडीत होतं. तुझी बुटकी आहेत, म्हणजे उजेडाचं दुखणं नाही. खत?"

"वेळेवर दिलं," ढोल्या म्हणाला. ढोल्या हा रोपघराचा यंत्रमानव. पिंपासारखा गोल, आणि विचारलं तेवढंच बोलणारा. "पाणी दर तिसऱ्या दिवशी दोन पेले. बरोबर दिलं."

आत्यानं ट्रे उचलला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा एवढा जड कसा? ढोल्या, वजन कर बरं."

"चार किलो सहाशे ग्रॅम. मी दिलेल्या पाण्यानं तीन किलो भरायला हवं होतं."

"बघ!" मी किंचाळले. "बुडवून मारतोय तो माणूस माझी रोपं!"

शनिवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी सातलाच मी मातीच्या पोत्यांमागे दबा धरून बसले. आधी वनितामावशी फरशी पुसायला आल्या. जाताना त्यांनी आपली पाण्याची बाटली काढली आणि अर्धी ट्रेमध्ये ओतली. "घ्या बाप्पा, घोटभर प्या." मी गारच पडले. मग कामावर निघालेली आई आली. माझी सख्खी आई! तिनंही एक पेला ओतला. आणि मग लोटा घेऊन धोटेकाका.

"सापडलात!" मी उडी मारली.

बिचारे असे दचकले, की अर्धा लोटा त्यांच्याच पायावर सांडला. "अवं माय! आपल्या गावात तहानलेल्याला पाणी पाजल्याशिवाय कोणी पुढं जाते का? रोपं वाढून नाही राहिले, म्हटलं तहानले असतीन. म्हणून मी आणखी एक लोटा वाढवला."

आरडाओरडा ऐकून आत्या आली. तिनं एक रोप हळूच उपटून दाखवलं. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती.

"मुळंसुद्धा श्वास घेतात, जुई. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यातल्या हवेतला प्राणवायू घेऊन मुळं ऊर्जा तयार करतात आणि तिच्या जोरावर खत ओढून घेतात. पोकळ्यांत सतत पाणीच असलं की मुळं गुदमरतात. शेजारी खत असून रोप उपाशी! बाहेरच्या उन्हात एवढं पाणी दुपारपर्यंत उडून गेलं असतं. या थंड खोलीत ते कुठं जाणार? आणि रोप वाढत नाही म्हणून तुम्ही आणखी ओतताय."

"ढोल्या, तू का नाही सांगितलंस?" मी त्याच्यावर ओरडले.

"मी दिलेलं पाणी मोजायचा हुकूम होता. इतरांचं आता विचारलं. वनितामावशी, अर्धी बाटली. जुईची आई, एक पेला. धोटेकाका, दोन लोटे. जुई, शाळेतून आल्यावर बाटलीत उरलेलं सगळं."

माझे कान तापले. खरंच होतं. ते मला कधी पाणी घालणं वाटलंच नव्हतं. "आजोबांचं बी मीच मारलं," म्हणत मी भोकाड पसरलं.

"मेलं नाही अजून." आत्यानं भिंग धरलं. तपकिरी मुळांत एक पांढरं टोक दिसत होतं. "हे नवं मूळ. पाणी बंद करायचं, ट्रेखाली विजेवर कोमट होणारी गादी ठेवायची, माती वाळू द्यायची. पण तीन आठवडे तरी लागतील."

तीन आठवडे! आणि रविवार तर उद्यावर आला होता. आत्या आणि मी धोटेकाकांकडे बघायला लागलो. काका आपल्या ओल्या पायाकडे बघत होते.

"मिरच्या काय, मागून लावीन," ते म्हणाले. "माह्या लोट्यानंच तर उशीर झाला."

"काका, मी तुम्हाला वैरी समजत होते."

"माहीत हाये. रोज डोळे वटारत होती ना तू!"

तीन रोपं गेली. एकोणीस सावरली. दहाव्या दिवशी दुसरं हिरवंगार पान आलं, आणि तीन आठवड्यांनी चौथं. मी ढोल्याला मिठीच मारली. "एका पिकल्या वांग्यात शेकड्यांनी बिया असतात," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी अख्ख्या इमारतीला पुरतील."

फळी रिकामी करताना सगळ्यात तगडं रोप मी धोटेकाकांना दिलं. आधी त्यांचं बोट कुंडीत खुपसायला लावलं. "बोट कोरडं निघालं तरच पाणी. कबूल?"

"कबूल, माय माझे!"

रोप छातीशी धरून, बोट तसंच मातीत ठेवून, काका जपून जिना चढायला लागले.