वेताच्या खुर्चीवर पडणारा फोकस

"सदर लेन्समध्ये कोणताही दोष आढळला नाही. फोकस जिथे लावला जातो, तिथेच पडतो."

दुरुस्ती केंद्राच्या शिक्क्याखालचे हे निवेदन दोन वाक्यांचे आहे. पहिले मला मान्य आहे. दुसरे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे लिहिणाऱ्या तंत्रज्ञालाही ठाऊक होते. कारण ते लिहिताना मी त्याच्यासमोर बसले होते आणि तो 'मॅडम, मॅडम' म्हणत माझ्या खांद्यामागे पाहत होता.

मी हस्तलिखितांची पाठचिकित्सा करते. एका ग्रंथाच्या अनेक प्रती समोर ठेवायच्या आणि चूक कोणत्या लेखनिकाने घुसवली ते शोधायचे, हा माझा व्यवसाय. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पहिला कॅमेरा निवडायचा ठरले, तेव्हाही मी त्याच पद्धतीने गेले. नवा आणि वापरलेला, हलका आणि जड, सगळे पडताळून निष्कर्ष काढला: दुकानाची हमी असलेली, खिशाला परवडणारी, वापरलेली बॉडी, सोबत साधी झूम लेन्स, म्हणजे शिकणाऱ्या हाताला जवळचे आणि लांबचे दोन्ही गवसेल.

माझी नणंद लग्नसमारंभांचे फोटो काढते. जेवणाच्या टेबलावरची माझी टिपणे चाळून ती खुदकन हसली.

"वहिनी, कॅमेरा घेताय की डॉक्टरेट?"

"डॉक्टरेट झालीय माझी."

"तेच म्हणते मी! झूमने पोरं आळशी होतात हो. फिक्स लेन्स द्या, पन्नास एमएमची. जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं." तिने बॅगेतून एक जुनी, हाताला जड लागणारी लेन्स काढली आणि माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवली. "घे गं. माझीही पहिली हीच होती."

मुलीने आत्याच्या गळ्यात हात टाकले. बॉडी मी घेतली होती. परंतु फोटो लेन्स काढते, बॉडी म्हणजे नुसती डबी, हे आत्याने तिला त्याच दुपारी शिकवून टाकले. मत्सर हा शब्द मी संपादनात कुणाला सैलपणे वापरू देत नाही. येथे वापरते. तो नेमका आहे.

पहिला फोटो सकाळच्या चहाच्या वेळचा. उजेड खिडकीतून, डावीकडून. माझा चेहरा धूसर. माझ्यामागे भिंतीला लावलेली वेताची खुर्ची मात्र इतकी स्पष्ट, की विणीचा प्रत्येक पदर वेगळा दिसावा. त्या खुर्चीत कोणी बसत नाही. ती या घरात माझ्या आधीपासून आहे. माझ्या आधी येथे नवऱ्याची पहिली बायको होती. ती न सांगता निघून गेली, एवढेच मला सांगण्यात आले, आणि मीही अधिक विचारले नाही. सुशिक्षित घरांत याला सभ्यता म्हणतात.

"हात बसला नाही गं अजून," मुलगी म्हणाली, आणि फोटो दाखवायला आत्याकडे निघून गेली. जेवायलाही तिकडेच थांबली.

हात बसला. भिंतीवरचे भेगाळलेले पोपडे, नवऱ्याच्या पापण्या, वर्तमानपत्रातले बारीक टायपातले मजकूर, सारे लखलखीत येऊ लागले. मी मोजपट्टी तिरकी ठेवून चाचणी घेतली. ज्या आकड्यावर फोकस लावला, तोच आकडा उठून आला. मग मी स्वतः बसले. मी धूसर. खुर्ची स्पष्ट. सर्व प्रतींत चूक एकाच जागी आढळली, तर ती लेखनिकाची नसते, मूळ प्रतीची असते. येथे मूळ प्रत मी होते.

म्हणून मी लेन्स घेऊन दुरुस्ती केंद्रात गेले. तंत्रज्ञाने कॅमेरा स्टँडवर चढवून माझा फोटो घेतला.

"मॅडम, तुम्ही हलताय."

"मी आयुष्यभर एका जागी बसून पोट भरलेली बाई आहे."

त्याने पुन्हा फोटो घेतला, पडदा माझ्यापासून वळवून पाहिला आणि घाईने शिक्का मारला. माझ्यामागे एक रिकामे स्टूल होते, हे मी उठल्यावर पाहिले.

त्यानंतर मी फोटोंत स्वतःकडे पाहणे सोडले आणि खुर्चीकडे पाहू लागले. तिची वीण मध्यभागी किंचित खाली गेली होती, वर कोणी बसल्यावर जाते तशी. मी उठून खऱ्या खुर्चीवर तळहात फिरवला. वीण ताठ होती.

पुढच्या फोटोत ती आणखी खाली गेलेली दिसली.

ग्रंथालयाचा शिपाई मला वर्षानुवर्षे ओळखतो. त्याने माझे कार्ड मागितले, चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा कार्ड मागितले.

"लेन्स परत कर," मी मुलीला सांगितले. "झूम आणू आपण. माझ्या पसंतीची."

"कोण, तू बोललास का, बाबा?" ती नवऱ्याला म्हणाली.

"नाही बुवा."

मग तिची नजर चाचपडत माझ्यापर्यंत आली. "अय्या, आई! इथेच होतीस?"

रविवारी नणंद आली आणि माझ्या जागेवर बसली. मुलीने तिचा फोटो काढला. पडद्यावर नणंद काचेसारखी स्वच्छ होती. "आत्या, तू काय भारी येतेस गं!" म्हणत मुलगी बॅटरी बदलायला आत गेली. नवराही पाठोपाठ गेला.

टेबलाशी माझ्यासाठी दुसरी जागा उरली नव्हती. मी वेताच्या खुर्चीत बसले.

वीण दबली नाही.

मी विचारले, ही लेन्स कुठली आहे? आवाज चढवून पुन्हा विचारले. नणंद पावाला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही. मात्र उत्तर दिले. ते पुढे देत आहे. त्यातला काना किंवा मात्रा मी बदललेली नाही.

"लेन्स चांगलीच आहे, वहिनी, खराब असती तर पोरीच्या हातात दिली असती का मी? दादाचं पहिलं लग्न झालं तेव्हा मी हिच्याएवढीच होते. आधी सगळं मला सांगायचा तो, मग तिलाच सांगायला लागला. पहिल्या वहिनीचे मी याच लेन्सने खूप फोटो काढले. ती कुठे निघून नाही हो गेली. त्या खुर्चीतच बसून हाका मारत होती, आणि आम्ही दोघं जेवत होतो."