टोपलीसकट वजन

आठवीपर्यंत वर्गात माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. नववीत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून, आईच्या म्हणण्याप्रमाणे, मला बंद करायचं बटण सापडत नाही. म्हणून तिनं मला दवाखान्यात कामाला लावलं. आई जनावरांची डॉक्टर आहे. शाळा सुटली की मी बाहेरच्या खोलीत बसते, कार्डं काढते, वजनं करते आणि मालकांशी गप्पा मारते. पेशंट बोलत नाहीत, ती कसर मी भरून काढते.

मला हे काम जाम आवडतं. फरफटत आलेलं कुत्रं महिन्याभरानं स्वतःच्या चार पायांवर आत येतं आणि आईचं तोंड चाटतं, तेव्हा ती "अरे, चष्मा! चष्मा!" करत अशी हसते, की घरी कधी तशी हसलेली मी पाहिलेली नाही.

पण काही दिवस वेगळे असतात. कुणाला शेवटचं इंजेक्शन द्यायचं असलं, की आई मालकांना बाहेर बसवते, कंपाउंडरकाकांना काहीतरी आणायला पिटाळते आणि दार लावून घेते. खरं तर एकानं जनावर धरायचं, दुसऱ्यानं सुई द्यायची. कार्डावर तसा रकानाच छापलाय, 'धरणारे'. आई दोन्ही एकटीच करते. मग आतला नळ बराच वेळ वाहत राहतो. त्या दिवशी घरी ती ताटाकडे बघत बसते. मी समोर कितीही बडबडले तरी नुसतं "हं."

"मला धरू दे ना एकदा," मी म्हटलं होतं.

"तुझं वय नाही ते."

"पंधरा पूर्ण आहेत!"

"माझंही नाही," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

गुरुवारी संध्याकाळी माझा वक्तृत्वाचा वर्ग असायचा. तो बंद झाला, त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी एक बाई आल्या. करडा स्वेटर, हातात झाकणाची वेताची टोपली. "मांजर आहे. खात नाही," म्हणाल्या. मी झाकण उघडलं. आत घडी घातलेला टॉवेल होता. बस्स.

मी हसले नाही. एकटं राहून माणसं असं काहीबाही करतात, एवढं मला कळतं. मांजरांचं वजन आम्ही टोपलीसकट करतो, मग मांजर बाहेर काढून नुसत्या टोपलीचं, आणि वजाबाकी. मी टोपली काट्यावर ठेवली. पाच किलो.

"आता काढा तिला बाहेर," मी शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हटलं.

बाईंनी दोन्ही हात टोपलीत घातले आणि छातीशी घेतले. काट्यावरचा आकडा खाली आला. एक किलो दोनशे.

तीच टोपली. तोच टॉवेल. मी कुठेही हात लावला नव्हता.

तीन किलो आठशे, मी कार्डावर लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

आई दारात येऊन उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "या," म्हणाली. दाराच्या फटीतून मला दिसलं, ती मोकळ्या टेबलावर वाकून स्टेथोस्कोपनं ऐकत होती. मग तिचा तळहात टेबलापासून वीतभर उंचीवरून हळूहळू मागे गेला आणि शेवटी किंचित वर उचलला गेला, मांजरानं शेपटी उभी केली की उचलला जातो तसा.

दुसऱ्या दिवशी मी घरून मिठाची किलोची बंद पिशवी नेली. काट्यावर बरोबर एक किलो.

"काटा ठीक आहे," आई पाठमोरी म्हणाली.

"मग टोपलीत काय आहे?"

"वजन लिहिलंस ना? पुरे."

पुढच्या गुरुवारी साडेतीन किलो. मग तीन शंभर. मग दोन सहाशे. दर वेळी बाईंचे हात थोडे कमी उघडायचे.

पाचव्या गुरुवारी बाई यायच्या आधीच आईनं सिरिंज भरून ठेवली. काकांना बाहेर पाठवलं.

"आजच कशाला? तुला काय माहीत..."

तेवढ्यात बाई आल्या. वजन दोन किलो शंभर. त्या आपणहून बाकावर बसल्या. "मला नाही बघवणार, डॉक्टर."

आईनं टोपली आत नेली. ती कडी लावणार, एवढ्यात मी दारात पाय घातला.

"आज मी धरणार."

"काय धरणार? आत काही नाही, तुला दिसतंय ना?"

"मग धरायला काय हरकत आहे?"

आईनं कडीवरचा हात काढला. मग बाजूला झाली.

"एक हात छातीखाली. दुसरा पाठीवर. घट्ट नको."

मी हात धरले. हवा होती.

मग ऊब आली. मग बारीक बरगड्या. त्या वर-खाली होत होत्या.

"बोल तिच्याशी," आई म्हणाली.

आणि मला, मला, एक शब्द सुचेना.

"आहे मी इथे," शेवटी कसंबसं म्हटलं.

आईनं सुई टेबलापासून वीतभर उंचीवर धरली. दट्ट्या शेवटपर्यंत गेला.

टेबलावर एकही थेंब पडला नाही.

माझ्या तळहातावर काहीतरी जड होऊन कलंडलं. मग हात नुसतेच हात राहिले.

आईनं स्टेथोस्कोप टेकवला, मिनिटभर ऐकलं. "गेली."

नळ तिनं सोडलाच नाही. स्टुलावर बसली, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडली. मीही.

बाई टोपली घेऊन गेल्या. आईनं डोळे पुसले, खालचा खण उघडला आणि रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. मी वरचं कार्ड पाहिलं, खालचं पाहिलं, मधलंही पाहिलं. प्रत्येकावर तेच पाच गुरुवार, तेच आकडे: तीन आठशे, साडेतीन, तीन शंभर, दोन सहाशे, दोन शंभर. सगळी आईच्या अक्षरात. सगळ्यात तळाच्या कार्डाची शाई उडाली होती. त्यावरची तारीख मी पहिलीत होते तेव्हाची. 'धरणारे' या रकान्यात प्रत्येक कार्डावर एक आडवी रेघ.

आजच्या कार्डावर त्या रकान्यात तिनं 'मुलगी' लिहिलं आणि ते गठ्ठ्यावर ठेवलं. मग एक कोरं कार्ड काढून माझ्यासमोर सरकवलं.

"गुरुवारी शाळेतून वेळेवर ये," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी ती फार घाबरलेली असते."