गाडी भरायला लागलेला वेळ

"या... या... अजून या... जरा डावीकडे... या बिनधास्त!"

गोदामाच्या आवारात पाय ठेवल्या ठेवल्या तिला वाटलं, काय अगत्य आहे बाई इथे! बाह्या दुमडलेला एक उंचसा तरुण दोन्ही हात हलवून आपल्याला बोलावतोय म्हटल्यावर न जाणं बरं दिसलं नसतं. ती निमूट पुढे गेली. डावीकडे म्हणाला, तर डावीकडेही सरकली. मग तो एकदम "बस्स!" असा ओरडला आणि तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर फुस्स करून ब्रेक लागला. तिने वळून पाहिलं, तर माल चढवायच्या धक्क्याकडे उलटा येणारा अख्खा ट्रक!

"तुम्हाला नाही मॅडम... ट्रकला बोलावत होतो." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तिचा चेहरा बघून त्याला हसू फुटलं. "तुम्ही मात्र एका दमात धक्क्याला लागलात हं. आमचा ड्रायव्हर अजून वाकडाच आहे."

"मी मोजायला आलेय," ती जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाली.

"मोजा की," तो म्हणाला. "पण जरा बाजूला उभं राहून."

झालं! सुरुवात अशी झाली.

तिचं काम तसं मजेशीर. साबणाचा कारखाना, तिथून निघणारे ट्रक, चार गोदामं, गोदामांतून दुकानं, अशी सगळी साखळी कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उभी करायची आणि पडद्यावर पळवून बघायची. याला सिम्युलेशन म्हणतात. वर्षभराची धावपळ तिथे चहा गार व्हायच्या आत आटपते. गाड्या वाढवल्या तर काय होईल, एखादं गोदाम बंद केलं तर काय होईल, हे कुणालाही धक्का न लावता आधीच कळतं. निदान तिच्या साहेबांच्या माहितीपत्रकात तरी असं छापलेलं होतं.

मात्र कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. एक गाडी भरायला किती वेळ लागतो, हे कुणीतरी उन्हात उभं राहून त्याला सांगावं लागतं. गोदामातल्या नोंदींचा उपयोग नव्हता; फाटकावरचा पहारेकरी दुपारची झोप झाली की दिवसभराच्या गाड्या एकदम लिहून मोकळा व्हायचा. म्हणून ही बाई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून हजर. हमालांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, घड्याळबाई. आणि तो बाह्या दुमडलेला, तो त्यांचा मुकादम.

पहिलं खोकं ट्रकमध्ये गेलं की घड्याळ सुरू. ताडपत्रीची शेवटची दोरी बांधली की बंद; हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण गंमत अशी, की ही शेवटची दोरी काही केल्या लवकर बांधून व्हायची नाही.

"थांबा, गाठ सैल वाटतेय." तो सोडायचा. पुन्हा बांधायचा.

"मला तर घट्ट दिसतेय."

"तुम्हाला काय कळतंय गाठीतलं? वाटेत सुटली आणि पाऊस आला, तर रस्ताभर फेस होईल नुसता."

"आभाळ तर कोरडं ठणठणीत आहे."

"येतो हो कधी कधी... न सांगता. जशा तुम्ही आलात."

ती खाली बघून हसायची. मग त्याला आठवायचं, वरचा थर मोजायचा राहिलाच! थर मोजून झाला की गाडीला लावायचं सील सापडायचं नाही. या खिशात, त्या खिशात, शेवटी कानामागे. बुवा, म्हणजे हमालांतला सगळ्यात जुना माणूस, एका खोक्यावर बसून दुखरा गुडघा चोळत म्हणायचा, "मुकादम, जाऊ द्या की गाडी. साबण आहे, सोनं नाही."

"बुवा, तुमच्याच गुडघ्याला आराम देतोय. चांगल्याचे दिवसच नाहीत!"

यावर सगळे हमाल खोकायचे. एकाच वेळी सगळ्यांना कसा खोकला येतो, हे तिने कधी विचारलं नाही.

तो हे कशासाठी करतोय, ते तिला कळत नव्हतं असं नाही. थोडंसं कळत होतं. पण 'काय काटेकोर माणूस आहे!' असं स्वतःला सांगितलं की बरं पडायचं. घड्याळ चालू ठेवता यायचं, आणि त्याच्याकडे बघताही यायचं. घरी गेली की आई म्हणायची, "कामाला जातेस की आंघोळीला? लिंबाचा घमघमाट सुटलाय नुसता." ती गालातल्या गालात हसायची, आणि आई तिच्याकडे बघत राहायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला लॅपटॉपवर अर्धवट झालेली साखळी दाखवली. छोटे छोटे चौकोन पळत होते, ते ट्रक. धक्क्यावर एक हिरवा ठिपका होता.

"हा कोण?"

"हा... तुम्ही."

"मी एवढासा?" तो पडद्यावर इतका वाकला की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास तिच्या श्वासात आला. "जेवतो का हा?"

"जेवतो. अर्धा तास."

"आणि शेजारी कुणी उभं राहतं का त्याच्या?"

"नाही. त्याला काम असतं."

"मग कसला जगतोय बिचारा," मुकादम म्हणाला. "एक ठिपका घाला ना शेजारी. काही करू नका त्याला. नुसता उभा असू दे."

तिचे कान तापले. "तसं चालत नाही," ती म्हणाली. पण रात्री झोपण्याआधी तिने एक पिवळा ठिपका घातला. नुसता उभा.

मोजणी संपायच्या दिवशी शेवटची गाडी भरून झाली, तरी मुकादम दोरी सोडेना. हातात धरूनच बसला.

"उद्यापासून येणार नाही ना तुम्ही?"

"काम संपलं..."

"काम काढता येत नाही?"

"काढायला कारण लागतं."

"कारण मी आहे की," तो म्हणाला. मग आपणच काय बोलून गेलो या धास्तीने इकडे तिकडे बघू लागला. हमाल भलतीकडे बघत होते. बुवा तर चक्क आभाळ न्याहाळत होता. तिने घड्याळाचं बटण दाबलं.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "आईला सांगून ठेवते."

"येतो," तो म्हणाला. "दोरी बांधू का आता?"

"बांध."

तो रविवार छान गेला. आईने त्याला इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्याला घाम फुटला. पण जाताना त्याने आईचं करकरणारं दार नीट करून दिलं आणि आई पाघळली. पुढच्या महिन्यात तो आपल्या थोरल्या भावाला घेऊन येणार, असं ठरलंसुद्धा.

आणि इकडे तिने साखळी पळवून बघितली.

तीन गोदामांत चौकोन झराझर आले, झराझर गेले. मुकादमाच्या धक्क्यापाशी मात्र लाल रांग लागली. रांग वाढत वाढत पडद्याच्या कडेपर्यंत गेली. दुकानं रिकामी पडू लागली. तिने फासे बदलून, म्हणजे कधी मागणी जास्त, कधी रस्ते खराब असं करून, पुन्हा पुन्हा पळवलं. दर वेळी तीच लाल रांग, आणि रांगेच्या तोंडाशी तो हिरवा ठिपका.

बाकीची गोदामं तिच्या एका सहकाऱ्याने मोजली होती. ऑफिसात त्याला सगळे एरंडेल म्हणत. त्याचं तोंड बघूनच हमाल दुप्पट वेगाने गाड्या भरत असणार, एकदाची ब्याद टळावी म्हणून! पण हे त्या वेळी तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की माझा माणूस आहे म्हणून मी आकडे गोड करायचे? शी! तसलं ती कधीच करणार नव्हती. फार तर एक जादा धक्का बांधतील, चार हात वाढवतील, असा विचार करून तिने अहवाल दिला.

कंपनीने धक्का बांधला नाही. गोदामच बंद करायचं ठरवलं.

बातमी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावी, म्हणून ती सकाळीच निघाली. त्याला न कळवता. आणि फाटकाशीच थबकली.

धक्क्यावर मुकादम गाडी भरत होता. पण हा मुकादम तिने कधी पाहिलाच नव्हता! खोकी हातोहात पळत होती. तो तोंडाने मोजत होता, हातांनी रचत होता, पायाने ताडपत्री ओढत होता. बुवासुद्धा गुडघा विसरून लागला होता. सील दातात तयार. दोरीला एक हिसका, एक गाठ, ट्रकवर एक थाप, "चल!" आणि पुढची गाडी धक्क्याला लागलीसुद्धा. घड्याळ नव्हतं तरी तिला कळलं. तिच्यासमोर लागायचा त्याच्या निम्माही वेळ लागला नव्हता.

म्हणजे ती लाल रांग... ती सगळी रांग तिच्यासाठी होती. तिने थोडं अजून उभं राहावं म्हणून. आणि ते तिने सेकंदासकट मोजून कंपनीच्या हातात दिलं होतं!

आत न जाता ती तशीच ऑफिसात पळाली. तिने नवे आकडे घालून साखळी पळवली. लाल रांग गायब! तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"पहिली मोजणी चुकलीय, सर."

"तू चुकलीस? तू तर सेकंदसुद्धा सोडत नाहीस."

"मी बरोबर मोजलं. पण तो... ते मुकादम मुद्दाम हळू काम करत होते."

"का?"

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. तिने सांगितलं. सगळं. लाज गुंडाळून ठेवून, दोरीसकट सांगितलं.

साहेब आधी हसले. मग गंभीर झाले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"म्हणजे तुमचं जमलंय. आणि आता तू त्याचं गोदाम वाचवणारे आकडे घेऊन आलीस. कंपनीला मी काय सांगू? आमच्या बाई प्रेमात पडल्या, तेव्हा उत्तर बदललं?"

"सर, पहिले आकडेच प्रेमातले होते! हे खरे आहेत."

"असतीलही. पण विश्वास कोण ठेवणार?"

"दुसऱ्या कुणाला पाठवून मोजून घ्या. एरं... त्यालाच पाठवा."

"गोदाम बंद होणार ही कुणकुण लागल्यावर? आता ते जीव तोडूनच गाड्या भरणार. ती मोजणी कोण मानेल?" साहेबांनी हात झटकले. "शिवाय कंपनीने जागा विकायला काढलीय. विषय संपला."

ती कंपनीच्या मोठ्या साहेबांकडेही गेली. त्यांनी तिला पाणी विचारलं आणि भेटल्याबद्दल आभार मानले.

गोदामाच्या शेवटच्या दिवशी ती गेली, तेव्हा आत नुसता वास उरला होता. लिंबाचा, चंदनाचा. हमाल उरलेली खोकी बाहेर काढत होते. बुवा एका रिकाम्या फळीवर बसला होता. या वयात, असल्या गुडघ्याचा माणूस कोण कामाला ठेवणार? हे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मुकादम तिच्याजवळ आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मधल्या दिवसांत त्याने एकही फोन उचलला नव्हता.

"एकच सांग," तो म्हणाला. "खरं सांग. झोप लागत नाही मला. हे लोक माझ्या भरवशावर होते गं. आमचं गोदाम सगळ्यांत मागे कसं पडलं? मी... मी कुठे कमी पडलो का?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. तू कमी नाही पडलास रे, तू जास्त थांबलास. माझ्यासाठी. पण त्याच्या पाठीमागे बुवा बसला होता. हे एकदा कानावर पडलं असतं, तर बुवाच्या नजरेला नजर देणं या माणसाला जन्मभर जमलं नसतं. तिच्याकडेही तो प्रेमाने बघू शकला नसता, आणि स्वतःकडे तर नाहीच.

बुवाने मान वर केली. त्याने सगळ्या दोऱ्या सोडताना-बांधताना पाहिल्या होत्या. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. नको. बुवा पुन्हा गुडघा चोळू लागला.

"तू नाही कमी पडलास," ती म्हणाली. "चूक माझी. गाडी भरून झाली तरी मी घड्याळ बंद करायला विसरायचे. तुझ्याशी बोलत बसायचे... ते चालूच राहायचं."

"आणि हे तू आता सांगतेस?"

"सांगितलं साहेबांना. ऐकलं नाही कुणी."

"तू हसत उभी होतीस," तो सावकाश म्हणाला. "आणि आमच्या पोटावर घड्याळ चालू होतं."

"हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्याला दिसलं की नाही, देव जाणे.

शेवटचा ट्रक धक्क्याला लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुकादमाने बाह्या दुमडल्या.

"बाजूला व्हा, मॅडम," तो म्हणाला. "गाडी भरायचीय."

ती बाजूला झाली, पण गेली नाही. तिथेच शेजारी उभी राहिली, नेहमीच्या जागी. खोकी हातोहात पळाली. थर एकदाच मोजला गेला. सील खिशात पहिल्याच झटक्यात हाताला लागलं. ताडपत्री ओढली गेली आणि त्याने शेवटच्या दोरीला एक हिसका देऊन गाठ मारली.

गाठ थोडी सैल होती. तिलासुद्धा दिसली.

तो तिच्याकडे न बघता ट्रकवर थाप मारून म्हणाला, "चल!"